विमान जमिनीवर असतानाही नजर बाहेरच हवी

महोदय,

बारामती, गोंदियात वैमानिक घडतात. पण अपघाताची चर्चा उड्डाण आणि लँडिंगपुरतीच होते. लहान विमाने टॅक्सी करताना, म्हणजे इंजिनाच्या जोरावर जमिनीवर चालतानाही आदळतात. सेसना १७२ या प्रशिक्षणाच्या छोट्या विमानाच्या पंखांची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची रुंदी सुमारे ११ मीटर! उभ्या विमानांच्या रांगेतून जाताना पंखाचे टोक शेजारच्या शेपटीला लागायला क्षणभराचे दुर्लक्ष पुरते. नवशिक्याची नजर नेमकी तेव्हाच चेकलिस्टवर किंवा रेडिओच्या बटणावर असते. ही कामे विमान थांबवूनच करावीत, एरवी वेग चालण्याइतकाच ठेवावा. जागा पुरेल का अशी शंका आली, तर इंजिन बंद करून विमान हाताने ढकलावे. त्यात कसला आला कमीपणा? फिरता प्रोपेलर तर नीट दिसतही नाही आणि आसपास माणसे वावरत असतात. प्रशिक्षकांनी पहिल्या तासापासूनच या बाबतीत काटेकोर राहावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, बारामती