पैठणीखालचं पुस्तक

पुणे, कोजागिरी

ती. आई-बाबांना सा. न.

आई, गौरी-गणपती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मागच्या पडवीत माझ्या हातातून तू जे जाडजूड पुस्तक काढून घेतलंस, ते तुझ्या कपाटात पैठणीखाली असणार. तेव्हा मी काही बोलले नाही. माझे डोळे सुजले होते आणि तू घाबरली होतीस. बाबा, तुम्ही एसटी स्टँडवर म्हणालात, "आधीच मन नाजूक, त्यात असलं कशाला वाचायचं? पु. ल. वाच." त्यावर बोलायच्या आतच गाडी सुटली. फोनवर हे सांगायला मला जमणार नाही, म्हणून लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मला नैराश्य असल्याचं सांगितलं, एवढं तुम्हाला माहीत आहे. त्याआधीचे दोन महिने माहीत नाहीत. मी रोज ऑफिसला जात होते, व्हिडिओ कॉलवर तुमच्याशी बोलत होते, आणि आई, तू म्हणायचीस, "चेहरा बरा दिसतोय हो." त्या दिवसांत मला रडूच येत नव्हतं. पहाटे तीनला जाग यायची. पेपरातली एक बातमी चारदा वाचली तरी डोक्यात उतरायची नाही. जेवण म्हणजे ताट रिकामं करायचं काम. हा आजार म्हणजे सारखं रडणं असं सगळ्यांना वाटतं. माझ्याकडे तो कोरडा आला.

त्याच पावसाळ्यात मी हे पुस्तक पहिल्यांदा हातात घेतलं. हान्या यानागिहारा या अमेरिकन लेखिकेची 'अ लिटल लाइफ' ही कादंबरी, 2015 सालची, सातशेहून जास्त पानांची. त्या वर्षी बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत होती. न्यूयॉर्कमधले चार मित्र, आणि त्यांतला ज्यूड. लहानपणी त्याच्यावर जे अत्याचार झाले, ते मी इथे लिहीत नाही. मित्र त्याला जीव लावतात. त्याचे एक प्राध्यापक तर तो मोठा झाल्यावर त्याला दत्तक घेतात. (आई, तिकडे मोठ्या माणसालाही दत्तक घेता येतं.) तरीही आपण मुळातच वाईट आहोत, ही त्याची समजूत जात नाही.

मी ते रात्री वाचायचे, एकटी. ज्यूड स्वतःबद्दल जे म्हणतो तेच माझं मन माझ्याबद्दल म्हणत होतं, आणि एका रात्री त्याचं कुठलं आणि माझं कुठलं हे मला वेगळं करता येईना. मी मैत्रिणीला फोन केला. ती भर पावसात स्कूटरवरून आली, सकाळपर्यंत बसून राहिली आणि दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. गोळ्यांनी फरक पडायला तीन-चार आठवडे लागले. तुम्हाला हे कळवलं नाही, कारण बाबांच्या अँजिओप्लास्टीला जेमतेम महिना झाला होता. लपवायला नको होतं. माफ करा.

तेव्हा बाबा, त्या वर्षापुरतं तुमचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

पुढे त्या लेखिकेचं एक म्हणणं वाचनात आलं. कधीच बरा न होणारा नायक लिहायचा, हे तिने ठरवूनच घेतलं होतं. ते वाचलं आणि मी अंथरुणात उठून बसले. ज्यूड बरा होत नाही, कारण त्याला लिहिणारीने तसं ठरवलं आहे. माझं असं कुणीही ठरवलेलं नाही. मला तिचा राग आला, अजूनही आहे. माया आणि उपचार दोन्ही फुकट जातात असं वाटायला लावणारं पुस्तक आजारी माणसाच्या हाती एकट्याने पडू नये, असं माझं ठाम मत आहे. पण सगळं ठीक आहे असं दाखवताना ज्यूडची जी दमछाक होते, ती इतकी नेमकी मला दुसऱ्या कुणी सांगितलेली नव्हती. म्हणून यंदा पुन्हा घेतलं. समुपदेशक बाईंना सांगून, फक्त दिवसा, घरात कुणी असताना. त्या मला दोनच गोष्टी विचारतात: पुस्तक मिटल्यावर भूक लागते का, आणि रात्री झोप लागते का.

आई, उन्हाळ्याच्या सुट्टीत तू आम्हाला 'श्यामची आई' वाचून दाखवायचीस, रोज एक रात्र. साने गुरुजींनी ते 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं, हे बाबा दर वर्षी नव्याने सांगायचे. श्यामचं गाव पालगड आपल्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे शेजारच्याच घरातलं कुणी गेल्यासारखं वाटायचं. शेवटच्या रात्री तुझा आवाज फुटायचा नाही, मग बाबा पुढे वाचायचे. सगळे रडायचो. नंतर तू मऊभात-मेतकूट वाढायचीस आणि आम्ही दोन-दोनदा मागून घ्यायचो.

रडून झाल्यावर लागणारी ती भूक मला ओळखीची आहे. त्या दिवशी पडवीत ज्यूडचा सर्वांत जवळचा मित्र अपघातात गेला होता, आणि दोन वर्षांनी मला हमसून रडू आलं होतं. तू पुस्तक घेतलंस तेव्हा मी जेवायलाच उठत होते, आई. तुला वाटलं, दुखणं उलटलं.

यापुढे पुस्तकापेक्षा माझ्या ताटाकडे बघ. आणि "कशाला वाचतेस?" ऐवजी "कुठवर आलीस?" असं विचारत जा.

माझ्या फ्रिजवर 14416 हा नंबर चिकटवला आहे. सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, टेली-मानस, चोवीस तास असते, मराठीतही बोलतात. तुम्हीही कॅलेंडरवर लिहून ठेवा. बाबा, हे फक्त माझ्यासाठी सांगत नाही. अँजिओप्लास्टीनंतर तुम्ही संध्याकाळी नुसते झोपाळ्यावर बसून असता, असं आई म्हणाली.

दिवाळीला धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी पोचते. पुस्तक तोवर तुझ्याकडेच राहू दे. पुस्तकाला डांबरगोळ्यांचा वास लागला असेल, चालेल. आत एसटीचं तिकीट घातलेलं आहे, खुणेला. ते मात्र काढू नकोस.

तुमची
थोरली