मदत आली, पण कपड्यांचीच!

महोदय,
२०१९च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. पाणी ओसरल्यावर आमच्या गल्लीत मदतीचे टेम्पो आले, त्यात जुन्या कपड्यांची गाठोडी. एकातून तर जरीची शेरवानी निघाली! हवे होते खराटे, फावडी, ब्लीचिंग पावडर आणि जनावरांना वैरण. एका संस्थेची पोरं मात्र आधी घरोघर विचारून गेली आणि दुसऱ्या दिवशी चिखल उपसायचं सामान घेऊनच आली. त्याच पुरात ब्रह्मनाळ गावात बोट उलटून माणसं गेली. मदत संस्थांनी थोडा पैसा पावसाळ्याआधीच नदीकाठच्या गावांत लाइफ जॅकेटवर आणि बोट चालवणाऱ्या पोरांच्या प्रशिक्षणावर खर्चावा. बिस्किटांचे पुडे काय, नंतर येतातच.

– एक पूरग्रस्त, सांगलीवाडी