खुले पत्र : ‘आजोबा, पाणी चावतंय!’

मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य
स. न. वि. वि.

निवृत्तीच्या पैशातून आम्ही लोणावळ्यात स्विमिंग पूलवाला जुना बंगला घेतला. गेल्या रविवारी तिन्हीसांजेला पुलातले दिवे लावले आणि पायरीवर पाय सोडून बसलेला सहा वर्षांचा नातू किंचाळला, “आजोबा, पाणी चावतंय!” त्याला ओढायला हात घातला, तर कोपरापर्यंत मुंग्या. हिने धावत जाऊन मेन पाडला, म्हणून हे पत्र मी लिहितोय.

वायरमनने दिवा उघडला. काचेच्या आत पाणी. बारा व्होल्टच्या जागी थेट २३० चा दिवा, करंट गळला की वीज तोडणारी ईएलसीबी बायपास. “सारखी ट्रिप व्हायची, शेठनी काढायला लावली,” जुना माळी म्हणाला. “आम्ही ते दिवे लावतच नव्हतो, साहेब.”

आपल्या दुय्यम निबंधकांनी आमचे फोटो घेतले, अंगठे घेतले, नोंदणी फीचे ३०,००० घेतले. मुद्रांक शुल्क पाच लाख की साडेपाच, पावती हिच्या कपाटात आहे. खरेदीखतात आंब्याची तीन झाडं मोजलीत. “जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह” सगळं आमचं. जलात करंट आहे, तेवढं लिहायचं राहिलं!

कचेरीत गेलो, तर “काका, आम्ही दस्त नोंदवतो, पूल तपासत नाही.” बिल्डरविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या महारेराचं म्हणावं, तर हा रीसेल, बिल्डर कुठून आणू? साध्या नजरेला न दिसणारा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ मध्ये १८८२ पासून आहे. इंग्रज लिहून गेले, आपण जपून ठेवलंय. दिवाणी दावा लावला तर निकाल नातवाच्या लग्नात मिळेल.

मेहुणी सिडनीला असते. तिकडे २०१६ पासून पूल असलेलं घर विकताना पुलाच्या सुरक्षेचा दाखला कराराला जोडावा लागतो. नापास असेल तर नापासाचा. त्यांचा भर कुंपणावर, विजेवर नाही, पण विचारतात तरी. आपणही दस्ताला वायरिंगचा, ड्रेनच्या जाळीचा लेखी खुलासा जोडायला लावा. एक पान वाढेल.

पण आपल्याकडे दोन्ही अर्थांच्या पुलांचं नशीब एकच. महाडला २०१६ मध्ये सावित्रीवरचा गेला, २०२५ मध्ये आमच्या शेजारी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा. कुंडमळ्याचा धोक्याचा आहे हे गावाला ठाऊक होतं, जसं आमच्या माळ्याला. मग माणसं गेली की पाहणी, समिती, पाच लाख. आम्ही मेलो नाही, म्हणून आमची फाईलच नाही.

पत्राची पोच टपालाने पाठवावी. मंगळवारी कचेरीत दिलेल्या अर्जाची अजून मिळालेली नाही. शिक्का मारणारे रजेवर होते.

आपला,
एक खरेदीदार, लोणावळा