डिंक ओला होता

ती. बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर मी आवाज चढवला, त्याबद्दल आधी माफी मागते. दारात आलेल्या माणसाला तुम्ही आधारची झेरॉक्स दिलीत. तिच्यावर ती कशासाठी दिली ते लिहिलेलं नाही, तारीख नाही. मला एवढंच सांगायचं होतं. पण बोलता बोलता मी पाळत, कॅमेरे, सरकार असं कुठल्या कुठे गेले आणि तुम्ही म्हणालात, "आपण काय चोरी केलीय? लपवण्यासारखं आहे काय आपल्याकडे?" तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. चार दिवस ते डोक्यात घोळतंय, म्हणून हे पत्र. अंतर्देशीयात मावणार नाही असं दिसतंय, पाकिटातून पाठवते.

बाबा, उत्तर मला तुमच्याच नोकरीत सापडलं. अडतीस वर्षं तुम्ही टपाल वाटलंत. चाकरमान्यांच्या मनिऑर्डरी, पत्रं, तारा घेऊन सड्यावरनं, वहाळातनं वाड्यावाड्यांत चालत गेलात. "पोष्टमनानू, झिलाचा पत्र इला काय?" ही हाक सुट्टीत तुमच्याबरोबर फिरताना मी किती वेळा ऐकली आहे. ज्या बायांना वाचता येत नव्हतं त्यांना ओटीवर बसून तुम्ही पत्र वाचून दाखवायचात, उत्तरही लिहून द्यायचात. गिरणी संपानंतर कुणाचा मुलगा पैसे पाठवेनासा झाला, कुणाच्या नवऱ्यानं मुंबईत दुसरं घर केलं, कुणाच्या छातीत डाग निघाला, सगळं तुम्हाला ठाऊक असायचं. ते आमच्या घरात कधी आलं नाही. आईलासुद्धा गावात बोभाटा झाल्यावरच कळायचं. आणि पोस्टकार्ड तर उघडंच असतं, तरी तुम्ही ते पत्त्याची बाजू वर ठेवून धरायचात. लहानपणी मी एकदा कार्ड उलटून वाचायला लागले तेव्हा तुम्ही हातातून काढून घेतलंत. "ते आपल्याला आलेलं नाही," एवढंच बोललात.

त्या बायांनी कुठे चोरी केली होती? त्यांच्याकडे लपवण्यासारखं काय होतं? तरीही तुम्ही त्यांचं पत्र झाकूनच नेलंत. आता तुमच्या पाकिटातलं कुणीतरी तसंच झाकून ठेवावं, एवढंच मी मागतेय.

आणीबाणीतली ती गोष्ट तुम्ही आम्हाला एकदाच सांगितलीत, दिवे गेलेल्या एका पावसाळी रात्री. तालुक्याच्या पोस्टात टेबलाच्या काचेखाली दोन नावांची चिठ्ठी आली होती. त्यातलं एक नाव गुरुजींचं. त्या दोघांची पत्रं बाजूला काढायची, ती कुठेतरी जायची आणि दोन दिवसांनी परत यायची. नोकरीला लागून तुम्हाला जेमतेम तीन-चार वर्षं झाली होती. गुरुजींनी पाकीट हातात घेतलं, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "डिंक ओला आहे रे." त्यांनी तुम्हाला दोष दिला नाही. तुम्ही मान खाली घालून सायकलवर बसलात. ही गोष्ट सांगताना तुमचा आवाज कसा झाला होता, ते मला अजून आठवतं. म्हणूनच तुम्ही "लपवण्यासारखं काय आहे" म्हणालात तेव्हा मला ते तुमचं वाक्य वाटलं नाही. ते बाहेरून ऐकून आलेलं वाटलं.

तुमच्या खात्याला पत्र उघडायचा अधिकार इंग्रजांनीच देऊन ठेवला होता, १८९८ च्या पोस्ट कायद्यात. १९८६ मध्ये तो आणखी वाढवायचं विधेयक संसदेनं मंजूर केलं, पण राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सहीच केली नाही. ते तुम्हाला आठवत असेल, त्या काळात पोस्टात त्याचीच चर्चा असणार. पुढे २०२३ मध्ये नवा पोस्ट कायदा आला आणि २०२४ च्या जूनपासून तो लागूही झाला. टपाल अडवण्याचा, उघडण्याचा अधिकार त्याच्या ९ व्या कलमात आहेच. या वेळी कुणाची सही अडली नाही, फारसा गलकाही झाला नाही. पत्रं लिहितंय कोण, म्हणून असेल.

आता पत्रांची जागा फोननं घेतली आहे. फोन ऐकण्याचा अधिकार २०२४ पर्यंत तारेच्या कायद्यातला होता, तो १८८५ चा; आता तो नव्या दूरसंचार कायद्यात आहे. या अधिकाराचा वाटेल तसा वापर होतो म्हणून पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना सुप्रीम कोर्टात गेली आणि डिसेंबर १९९६ मध्ये कोर्टानं नियम घालून दिले. आदेश गृहसचिवांनीच काढायचा, तो दोन महिन्यांत संपणार, वाढवला तरी सहा महिन्यांच्या वर नाही, आणि एका समितीनं तो तपासायचा. ऐकायला चांगलं आहे. पण समितीत सगळे सरकारी सचिवच, न्यायाधीश एकही नाही. आणि काम किती? माहितीच्या अधिकारात २०१३ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयानं सांगितलं होतं की महिन्याला सरासरी ७,५०० ते ९,००० फोनचे आदेश निघतात. म्हणजे दिवसाला तीनशेपर्यंत. माहिती जपण्याच्या कायद्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीनं २०१८ च्या अहवालात लिहिलं, की तपासणाऱ्या समितीपुढे एकेका बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश येतात. बाबा, एवढी पाकिटं तुम्ही एका दिवसात नुसती लावून तरी दाखवली असतीत का? मग प्रत्येक आदेश वाचून तो बरोबर की चूक हे ठरवणार कोण?

मला नुसत्या फोन ऐकण्याची एवढी भीती नाही. माझं काम तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही, ते आज सांगते. ऑफिसात मी दिवसभर याद्या जोडते. एका यादीत नाव आणि पत्ता, दुसरीत खरेदी, तिसरीत फोन नंबर. तिन्हींत एकच क्रमांक असला की त्या क्षणात एक होतात, आणि ज्या माणसाला मी कधी पाहिलेलं नाही त्याचा दिनक्रम माझ्यासमोर येतो. सकाळी किती वाजता उठतो, औषधं कुठली घेतो, कुणाला पैसे पाठवतो. क्रमांक एकच नसला तर हेच काम महिनोन् महिने रेंगाळतं. म्हणून मला आधारची काळजी वाटते. पहिलं आधार आपल्याच राज्यात दिलं गेलं, २९ सप्टेंबर २०१० ला, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात एका आदिवासी बाईला. उद्देश चांगला होता, ज्याला कागद नाही त्याला ओळख मिळावी. पण आज तोच क्रमांक रेशनला, पेन्शनला, बँकेला, सिमकार्डाला, शाळेला चिकटलेला आहे. या याद्या कुणी जोडल्याच असं मी म्हणत नाही. जोडायचं ठरवलं तर किती सोपं आहे, हे मात्र मला रोज दिसतं.

आणि त्याचा फायदा तुम्हाला होतो हेही खरं. दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत ताटकळत बसणं बंद झालं. शिक्के मारून मारून तुमच्या बोटांच्या रेषा झिजल्या, मशीन अंगठा घेईना, तेव्हा चेहरा दाखवून काम झालं आणि तुम्ही किती खूश होऊन फोन केला होतात. तो आनंद मला हिरावून घ्यायचा नाही. सोय घ्यायचीच. सोय देणारा आपल्याबद्दल काय काय लिहून ठेवतो, किती दिवस ठेवतो आणि ते कुणाला दाखवतो, हे विचारायचा हक्क मात्र सोडायचा नाही. २०२३ मध्ये माहिती जपण्याचा कायदा झाला खरा, पण सरकार आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देऊ शकतं अशी सोय त्यातच करून ठेवली आहे. कंपनीला जाब विचारता येईल. ज्या सरकारी यंत्रणेकडे आपली सगळ्यात जास्त माहिती आहे, तिला सूट मिळाली तर विचारता येणार नाही.

आई, आता तुझ्याशी. मावशीच्या गावात जमिनीची मोजणी सुरू झाल्यापासून तू फोनवर कुजबुजतेस. "फोनवर नको, आलीस की बोलू." भजनी मंडळाच्या ग्रुपवर तू आधी भांडायचीस, रस्ता, पाणी, सरपंच कुणाला सोडायची नाहीस. आता फक्त फुलं आणि सुप्रभात. कुणीतरी म्हणालं की पोलीस ग्रुप वाचतात, तेवढ्यावर तू गप्प झालीस. तुझा फोन कुणी ऐकतही नसेल. पण तू बोलायची थांबलीस ते थांबलीसच ना? मला सगळ्यात जास्त हेच लागतं. तू कुणाला घाबरणारी बाई नव्हतीस.

ही भीती दुसऱ्याही कुणाच्या कामाला येते. गेल्या वर्षी आपल्या ओळखीच्या निवृत्त मास्तरांना व्हिडिओ कॉल आला. समोर वर्दीतला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत. 'तुम्हाला डिजिटल अटक केली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही.' दोन दिवस ते खोलीत बसून राहिले आणि ठेव मोडून पैसे पाठवले. अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. पण सरकारला आपलं सगळं दिसतं असं मनात पक्कं बसलं की खोटा पोलीसही खराच वाटतो. असा फोन आला तर सरळ ठेवून द्या आणि १९३० ला कळवा. मला त्याच मिनिटाला फोन करा, मी मीटिंगमध्ये असले तरी.

बाबा, तुम्ही म्हणालात की सरकारी नोकरानं सरकारवर संशय घेऊ नये. के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश. २०१२ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, ते आधारच्या प्रश्नावर सुप्रीम कोर्टात गेले. खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही, असं सरकारनं कोर्टात सांगितलं. त्यासाठी जुने निकाल काढले. त्यातला एक १९६२ चा, खडकसिंगचा. दरोड्याच्या खटल्यातून पुराव्याअभावी सुटलेला माणूस, तरी पोलीस रात्री-अपरात्री त्याचं दार ठोठावायचे. कोर्टानं ते ठोठावणं बंद केलं, पण खासगीपणाचा हक्क काही मान्य केला नाही. शेवटी २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

त्याच निकालात आणखी एक गोष्ट झाली. आणीबाणीत, १९७६ मध्ये, अटकेतल्या माणसाला कोर्टाचं दार ठोठावता येणार नाही असं सुप्रीम कोर्टानं ठरवलं होतं. ते ठरवणाऱ्यांत यशवंतराव चंद्रचूड होते, आपल्या पुण्याकडचे. २०१७ मध्ये त्यांच्या मुलानं, धनंजय चंद्रचूड यांनी, वडिलांचा तो निकाल चुकीचा होता असं लिहून तो रद्द केला. तो भाग वाचताना मला तुमची आणि गुरुजींची आठवण आली. लेकरानं वडिलांना चूक म्हणणं सोपं नसतं. मी रविवारी ते मोठ्यानं केलं, ते तेवढं चुकलंच.

आता दोन-तीन कामं. झेरॉक्स देण्याऐवजी शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार देत जा. मी ते डाउनलोड करून चार प्रती सोबत घातल्या आहेत. ज्याला द्याल त्याचं नाव आणि तारीख प्रतीवरच आडवी लिहा. बोटांचे ठसे ॲपमध्ये कुलूपबंद करता येतात, ते मी गणपतीला आल्यावर करून देईन. नोव्हेंबरात दाखल्यापुरतं उघडायचं आणि परत बंद. आई, तू येत्या रविवारी मावशीच्या जमिनीचं काय झालं ते मला फोनवरच सांग, नेहमीच्या आवाजात.

आणि बाबा, एक विचारायचं राहिलंय. ती चिठ्ठी काचेखालून कधी निघाली? गुरुजींची पत्रं नेऊन कोण वाचायचं, ते तुम्हाला कधी कळलं का? पुढे त्यांच्याशी त्याबद्दल बोलणं झालं का? गुरुजी आता नाहीत, आणि त्या पोस्टात तेव्हा असलेल्यांपैकी बहुतेक तुम्हीच उरला असाल. जमेल तसं, चार-चार ओळी का होईना, लिहून ठेवा. हात थरथरत असेल तर आईला सांगा, ती लिहून घेईल. फोनवर सांगू नका. भीतीपोटी नाही म्हणत, मला ते तुमच्या अक्षरात हवंय.

तब्येतीला जपा. पावसाचं अंगणात शेवाळ धरलंय म्हणालात, तिकडून रात्रीचं जाऊ नका.

तुमची,
धाकटी