काका, तुमचं नाव विचारायचं राहिलं

आमचे दादा, म्हणजे वडील, नौदलात इंजिनरूमला. १९७१ला विक्रांतवर होते. चारपैकी एका बॉयलरला तडा, जहाज उरलेल्या तीन बॉयलरवरच लढलं, हे जेवताना हमखास सांगायचे.

ते गेले आणि आईची फॅमिली पेन्शन अडली. पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, माहेरचं नाव, आधारवर सासरचं. सैनिक कल्याण कार्यालयात भेटलेल्या निवृत्त काकांनी दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र करायला सांगितलं. मृत्यूचा दाखला, पासबुक, दादांचं सेवामुक्तीचं डिस्चार्ज बुक जोडून ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर अर्ज स्वतः भरला. बुकातली शाई फिकी, म्हणून ते पान तीनदा स्कॅन केलं; शिवणीपाशी फाटू नये म्हणून पूर्ण उघडलंच नाही. मग रुमालात गुंडाळून थेट आईच्या हातात.

काका, मनापासून आभार.