पुडी सुरू करता, तशी थांबवायची कधी तेही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी सेवानिवृत्त परिचारिका. इंदिरानगरात आमचा ज्येष्ठ बायकांचा गट आहे. कुणी डॉक्टरांकडे जाऊन आलं की त्यांचा कागद संध्याकाळी माझ्या हातात येतोच. हल्ली त्यात एक ओळ हमखास असते : कोलेकॅल्सिफेरॉल (म्हणजे ड जीवनसत्त्वाची पुडी), ६०,००० युनिट, आठवड्यातून एकदा. पुढे बारीक अक्षरात ‘× ८’. हे आठ आठवड्यांपुरतं आहे हे मला कळतं, सत्तरीच्या बाईला कसं कळावं? पुडी संपली की ती रिकामं पाकीट घेऊन दुकानात जाते आणि नवी घेऊन येते. रविवारची पुडी, कपभर दुधातून. व्रत धरलंय, उद्यापनाचं मात्र कुणी सांगितलेलंच नाही.

या पुडीला माझा विरोध नाही. उतारवयात त्वचा पूर्वीइतकं ड जीवनसत्त्व तयार करत नाही, पोटातून कॅल्शियम शोषलं जायला ते लागतं आणि कमतरता असेल तर ती भरून काढायलाच हवी. साठ हजार युनिट हा भरून काढण्याचा डोस आहे, रोजच्या जेवणासारखा कायमचा नव्हे. आठवड्याची एक पुडी म्हणजे दिवसाला साडेआठ हजार युनिट. साठीपुढच्यांची रोजची गरज धरली जाते सुमारे ८००, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ४,००० च्या वर जाऊ नये असं मानलं जातं.

आमच्या कॉलनीतल्या एका काकांचं सांगते. त्यांची भूक गेली, पोट साफ होईना, घसा सारखा कोरडा, रात्री चार-चारदा लघवीला उठणं. काकू म्हणाल्या, वय झालं. मग एक दिवस ते घरातल्यांची नावं चुकवायला लागले, तेव्हा रक्त तपासलं. कॅल्शियम भलतंच वाढलेलं. पिशवीतले सगळे कागद पलंगावर पसरले तर हाडांच्या डॉक्टरांची आठवड्याची पुडी होती, दुसऱ्या ठिकाणी घेतलेलं सहा लाख युनिटचं इंजेक्शन होतं, आणि ज्या कॅल्शियमच्या गोळ्या चालू होत्या त्यांतही ड होतंच. एकेक कागद सुटा पाहिला तर त्यात काही वावगं नव्हतं. सगळे एकत्र कुणी पाहिलेच नव्हते. सलाईन लावलं, गोळ्या बंद केल्या, काका सावरले. पण हे जीवनसत्त्व चरबीत साठून राहतं, त्यामुळे रक्तातलं प्रमाण खाली यायला महिने गेले.

जास्त घेतलं म्हणजे हाडं जास्त पक्की होतात, हाही गैरसमजच. ऑस्ट्रेलियात सत्तरी गाठलेल्या २,२५६ स्त्रियांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिट दिले होते. २०१० साली निष्कर्ष आले तेव्हा दिसलं, की डोस घेतलेल्या बायका न घेतलेल्यांपेक्षा जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. उलट फ्रान्समध्ये वृद्धाश्रमांतल्या आणि तशाच निवासांतल्या म्हाताऱ्या बायकांना रोज ८०० युनिट आणि १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं, तेव्हा खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण बरंच घटलं होतं. ती गोष्ट १९९२ ची. मग अमेरिकेत पंचवीस हजारांहून अधिक लोकांना काही वर्षं रोज २,००० युनिट किंवा दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली. २०२२ साली कळलं, फ्रॅक्चरमध्ये फरक नाही. त्यातल्या बहुतेकांना मुळात कमतरताच नव्हती. ज्याला उणीव आहे त्याला फायदा, आणि तोही रोज थोडंथोडं घेऊन, असं मी यातून समजते.

‘ड घेतलं की शुगर उतरते’ असंही जॉगिंग ट्रॅकवर ऐकू येतं. आधीच मधुमेह असलेल्यांनी त्या भरवशावर औषध कमी करू नये, एवढंच म्हणेन. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना किंचित फायदा असावा असं दिसतं. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने (ग्रंथी-संप्रेरकांच्या डॉक्टरांची संघटना) २०२४ साली त्यांना आणि पंच्याहत्तरीपुढच्यांना ड द्यायला हरकत नाही म्हटलंय. पण पन्नाशीपुढे द्यायचं तर रोजचा छोटा डोस, एकदम मोठा नको, हेही त्याच सल्ल्यात आहे. शिवाय धडधाकट माणसाची पातळी उगाच तपासत बसू नका, असंही. आपल्याकडे मात्र संपूर्ण तपासणीच्या पॅकेजात ड असतंच आणि अहवालात आकडा जरा खाली दिसला की घरभर घबराट.

आता कोवळ्या उन्हाचं. सकाळी साडेसहाला कानटोपी, मफलर, स्वेटर घालून जॉगिंग ट्रॅकवर जाणाऱ्यांना व्यायाम मिळतो, ड मिळत नाही. ज्या किरणांनी ते तयार होतं ते सूर्य वर आल्याशिवाय पुरेसे पोचत नाहीत. सोपी खूण म्हणजे आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड हवी. डिसेंबरात नाशिकला तशी सावली दुपारी साडेबाराच्या आगेमागे जेमतेम तास-दीड तास पडते. तेव्हा गॅलरीत हात-पाय उघडे टाकून थोडं बसावं, काच बंद करून नव्हे; काचेतून ते किरण येत नाहीत. एप्रिल-मेच्या दुपारी हा उद्योग म्हाताऱ्या माणसांनी अर्थातच करू नये. बाकी नाचणीची भाकरी, दूध, डाळ-उसळ आणि न्हाणीघरात धरायला एक दांडी, यांनी खुबा जितका वाचतो तितका पुडीने वाचेल असं मला वाटत नाही.

डॉक्टरांना माझी विनंती एवढीच आहे : शेवटच्या पुडीची तारीख मराठीत, ठळक लिहा. औषध दुकानदारांनी रिकाम्या पाकिटावर नवी पुडी देण्याआधी कागद मागावा. आणि परदेशातल्या मुलांनी पाच-पाच हजार युनिटच्या डब्या आईसाठी पाठवण्याआधी, तिच्या औषधांच्या पिशवीत आधीपासून काय काय आहे ते व्हिडिओ कॉलवर एकदा बघून घ्यावं.

आपली,
एक सेवानिवृत्त परिचारिका
इंदिरानगर, नाशिक
(नाव छापू नये)