कार्यकर्त्यांच्या शोकालाही वेळ हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीचं पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी २६ फुटांची. नदीसाठी, झाडांसाठी, पाणी शिरलेल्या वस्त्यांसाठी झटणारी बडोद्यातली माणसं अर्ज, सुनावण्या आणि मदतवाटपात पिचून जातात. मग कोणी फोन उचलत नाही, कोणी बैठकीत चिडतं, कोणी येणंच थांबवतं. त्यांना ठरलेला सल्ला मिळतो: विश्रांती घ्या, एखादं ध्यानाचं शिबिर करा. तो अपुरा पडतो, कारण या थकव्याखाली न केलेला शोक साठलेला असतो.

घरात माणूस गेलं की आपण दहा दिवस सुतक पाळतो. लोक समाचाराला येतात, शेजारून पिठलं-भात येतो, त्या घराकडून कोणी कामाची अपेक्षा ठेवत नाही. जुना वड तोडला गेला किंवा वस्ती उठवली गेली, तर मात्र त्याच संध्याकाळी निषेधाचं पत्रक काढायचं असतं.

अमेरिकेतल्या बौद्ध अभ्यासक जोआना मेसी (१९२९–२०२५) यांनी अशाच कार्यकर्त्यांसाठी एकत्र शोक करण्याची रीत बसवली. ती आपल्याकडे करायला साहित्य जवळजवळ काहीच लागत नाही. जागा मात्र विचारपूर्वक निवडावी लागते. नदीकाठ मोहात पाडतो, पण विश्वामित्रीत मगरी आहेत. थंडीत त्या उन्हाला काठावर येतात आणि उन्हाळ्यात काठाच्या मातीत अंडी घालून राखण करतात. तिथे डोळे मिटून बसणं धोक्याचं, आणि त्यांनाही त्रासाचं. कमाटी बागेत (सयाजीबागेत) बसायचं तर आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, भल्या सकाळी, नदीपासून दूर, जुन्या झाडाखाली. जिथे नुकतीच तोड झाली तिथे पहिल्यांदा जाऊ नये. तिथे गेलेला कार्यकर्ता आपोआप कामाला लागतो आणि मोबाइल काढून फोटो घेऊ लागतो.

माणसं दहा-बारा, सूत्रधार दोन, वेळ अडीच तास. फोन बंद करून एका पिशवीत. पहिली वीस मिनिटं प्रत्येकाने न बोलता सावकाश चालावं आणि जागा निवडून बसावं. डोळे उघडेच ठेवावेत. ज्याने लाठीमार किंवा पुरातली सुटका पाहिली आहे, त्याला डोळे मिटून श्वासावर बसवलं की पुष्कळदा तीच दृश्यं वर येतात आणि छाती धडधडू लागते. म्हणून लक्ष बाहेर न्यावं: आधी सर्वांत दूरचा आवाज, मग जवळचा, मग तळव्याखालची माती, सालीवरच्या मुंग्या. श्वास सोडताना घेण्यापेक्षा थोडा जास्त वेळ लावावा, एवढंच.

मग गोल करून बसावं. मधल्या जागेचे चार भाग करून एकात दगड, दुसऱ्यात वाळलेली पानं, तिसऱ्यात जाड काठी, चौथ्यात रिकामी वाटी ठेवावी. दगड भीतीचा, पानं दुःखाची, काठी संतापाची, वाटी सुन्नपणाची. ज्याला वाटेल त्याने आत यावं, वस्तू हातात घ्यावी, तीन-चार मिनिटं बोलावं किंवा नुसतं बसावं. बाकीच्यांनी फक्त ‘ऐकलं’ म्हणावं. काठी दोन्ही हातांनी आवळायची, आपटायची नाही. कोणी आत येत नसेल तर सूत्रधाराने वाट पाहावी. दहा मिनिटांची शांतता चालते. याला तासभर तरी द्यावा.

बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. कोणी रडू लागलं की शेजारचा लगेच मिठी मारतो आणि बोलणं तिथेच तुटतं. विचारल्याशिवाय हात लावू नये. दुसरं, कोणी संघटनेतल्या भांडणावर, नावं घेऊन बोलू लागतो. सूत्रधाराने त्याला ताबडतोब थांबवावं, नाहीतर त्या गोलाची बैठक होते. तिसरं सर्वांत वाईट: शेवटी कोणीतरी उमेद देणारं भाषण करतो. इतका वेळ ज्यांनी मन मोकळं केलं, त्यांना ते गप्प बसवल्यासारखं वाटतं. चहा-पोहे घ्यावेत, पाण्याने तोंड धुवावं, पंधरा-वीस मिनिटं एकत्र बसूनच घरी निघावं. त्या दिवशी कोणताही निर्णय घेऊ नये. दोघादोघांच्या जोड्या लावून दुसऱ्या दिवशी एकमेकांना फोन करावा.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणात अशी दमछाक आजार म्हणून धरलेली नाही. ती कामाशी जोडलेली स्थिती मानली आहे. सगळं ओझं दोघांवरच असेल, प्रवासखर्चही खिशातून जात असेल, तर झाडाखाली बसून ते हलकं होणार नाही. कामाच्या पाळ्या लावाव्यात, पावसाळ्यानंतर महिनाभर सुट्टी द्यावी. आणि ज्याचं घर पाण्यात गेलं, त्याला भरपाई मिळण्याआधी शोकाला बोलावू नये. आधी त्याच्या अर्जाचं काम करावं.

कित्येक रात्री झोप नाही किंवा जगणं नकोसं झालं आहे, अशा माणसाला या गोलात बसवू नये. त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जावं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत असून दिवसरात्र चालू असतो. सूत्रधाराच्या वहीच्या पहिल्या पानावर तो लिहिलेला असावा.

आपला,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदे